हरेल त्याचे आप्पा

नळ आपण उघडा टाकला, हे आप्पांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी नळ सोडून पाहिला, पाणी आलं नाही, म्हणून ते फिरायला निघून गेले. मागाहून पाणी आलं, तर त्यात त्यांचा काय गुन्हा? "पाणी वेळेवर सोडायचं नाही, आणि शिव्या मात्र मला?" असं ते भेटेल त्याला विचारत होते. कुणी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नव्हतं, कारण आप्पांना उत्तर दिलं की ते तोच प्रश्न दुप्पट आवाजात पुन्हा विचारत.

आप्पांच्या खालच्या मजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. त्याने बँडवाल्यांचे लाल कोट आणि पांढऱ्या विजारी इस्त्री करून एकाच दांडीवर टांगून ठेवल्या होत्या. आप्पांच्या बाथरूममधलं पाणी छतातून झिरपलं ते नेमकं त्या दांडीवर. कोटांचा रंग खाली उतरला, आणि संध्याकाळी सगळा बँड गुलाबी विजारी घालून एका लग्नात वाजवत उभा राहिला. नवऱ्यामुलाकडची मंडळी चिडली, बँडवाले शिंप्यावर चिडले, शिंपी घरमालकावर चिडला आणि घरमालक जिना चढून वर आला. "एक तर तुमच्यापैकी कुणीतरी इथे येऊन राहा, नाहीतर यांना घेऊन जा," असं त्याने आप्पांच्या मुलांना फोनवर बजावलं. "हा माणूस यापुढे माझ्या घरात एकटा नको." त्यावर आप्पांनी मागून त्याला जे काही ऐकवलं, ते तिन्ही मुलांना फोनमधून स्वच्छ ऐकू आलं.

म्हणून रविवारी जेवणं आटोपल्यावर तिन्ही मुलं आप्पांच्या घरी जमली. आप्पांना त्यांनी केस कापायला पिटाळलं. आप्पांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं, पण न्हाव्याशी वाद घालण्यात त्यांचा तास-दीड तास सहज जाईल, असा हिशेब होता.

आप्पांची सगळी नोकरी बोटीवरच्या इंजिनखोलीत झाली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे. सुट्टीवर घरी आले तरी तो आवाज खाली येत नसे, आणि मुलं बोलायला शिकली ती त्याच पट्टीत. थोरला पुढे दंतवैद्य झाला. त्या आवाजाने पेशंट खुर्चीत बसेनात, म्हणून त्याने धंद्यापुरता एक मऊ, साखरेत घोळलेला आवाज तयार केला. मधली मुख्याध्यापिका झाली. तिला आवाज बदलावा लागला नाही. धाकटा लोकांना मोटार चालवायला शिकवत असे, आणि तिथे तर आवाज कमीच पडे.

"माझ्याकडे शक्य नाही," दंतवैद्याने चपला काढता काढताच सांगून टाकलं. "मागे राहायला आले होते तेव्हा काय झालं? रोज दवाखान्यात येऊन बसायचे. आत पेशंट ओरडला की बाहेरून हे ओरडायचे, 'अरे, एवढ्याशा दातासाठी एवढा गळा काढतोस?' लोक दात तोंडात ठेवूनच पळाले."

"तुझे पेशंट पळाले, माझी शाळा पळायची वेळ आली होती," मुख्याध्यापिका म्हणाली. "माझं घर शाळेच्या आवारात. हे खिडकीत बसून कवायत घ्यायला लागले. सरांनी डावीकडे वळ म्हटलं की हे वरून ओरडणार, 'ए तिसऱ्या, ती तुझी डावी आहे काय?' पोरं सरांचं ऐकेनाशी झाली आणि यांचं ऐकायला लागली. सर राजीनामा घेऊन माझ्याकडे आले."

"मला तर कुणी विचारूच नका," धाकटा ओरडला. "मी एक दिवस ठेवून घेणार नाही. दिवसभर बाजूच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचं, आणि घरी येऊन यांच्याशी डोकं फोडायचं? माझ्या दोन खोल्या. पहिल्याच आठवड्यात आमच्यातला एक जण खिडकीतून खाली जाईल, आणि तो मी असेन!"

धाकट्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याचं आणि आप्पांचं तो बोलायला लागल्यापासून पटत नव्हतं. बल्ब कोणत्या बाजूला फिरवून काढायचा यावर एकदा त्यांचं जुंपलं, तेव्हा घरात महिनाभर अंधार होता. थोरला आणि मधली निदान आप्पांना टाळत. धाकटा येऊन भांडायचा, दार आपटून जायचा आणि पुन्हा यायचा.

तासभर तिघांनी एकमेकांची उणीदुणी काढली. शेवटी दंतवैद्य म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू."

"तुझ्या चिठ्ठ्या?" मुख्याध्यापिका उसळली. "लहानपणी तू टाकलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव असायचं. भांडी घासून घासून बोटं झिजली माझी, दादा. मोठी होईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही!"

मग धाकट्याने आप्पांच्या कपाटाचा खण ओढला. त्यात आप्पांचे बोटीवरचे पत्ते होते, आणि त्याच्याशेजारी आईचा बटणांचा डबा. आप्पा सुट्टीवर आले की तिघांना जमिनीवर बसवून पोकर खेळायला लावत. पैशांऐवजी बटणं लावायची. आई वरून ओरडायची, "एक जरी बटण हरवलं तरी जेवायला मिळणार नाही." आई गेल्यापासून तो डबा कुणी उघडला नव्हता.

"प्रत्येकाला मूठभर बटणं," धाकटा म्हणाला. "ज्याची आधी संपतील, तो हरला. हरेल त्याचे आप्पा."

"किती दिवस?" दंतवैद्याने विचारलं.

"कायमचे."

बापाला पत्त्यांवर लावणं ही काही शोभणारी गोष्ट नव्हे, हे तिघांनाही कळत होतं. कळत होतं म्हणून तर ते इतके चिडले होते. स्वतःवर चिडायची सोय नसली की माणूस शेजारच्यावर चिडतो, आणि शेजारी सख्खी भावंडं असली की मग बघायलाच नको. धाकट्याने पत्ते पिसले ते सुद्धा कुणाचा तरी गळा पिळत असल्यासारखे.

पहिल्याच डावात भांडण लागलं, कारण खेळ नीट कुणालाच आठवत नव्हता. दंतवैद्याने सात-सात पानं वाटायला घेतली, ती बाकीच्या दोघांनी ओरडून पाचांवर आणली. धाकट्याने हवी तेवढी पानं बदलता येतात म्हणून पाचच्या पाच बदलली, आणि तीही आवडली नाहीत म्हणून पुन्हा बदलली. मुख्याध्यापिकेने तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती अशी ओळ मांडून बटणं ओढायला सुरुवात केली.

"हात मागे!" दंतवैद्य गरजला. "माझे पाचही बदाम आहेत. पाच बदाम मोठे."

"ओळ मोठी!"

"बदाम!"

"ओळ मोठी, ओळ! मी शाळा चालवते, मला शिकवू नकोस!"

"कोण म्हणतं ओळ मोठी?" दारातून आवाज आला आणि तिघंही जागच्या जागी थिजली.

आप्पा उभे होते. केस होते तेवढेच होते. "न्हाव्याकडे गर्दी आहे," ते म्हणाले, आणि मग जमिनीवरच्या पत्त्यांकडे पाहून त्यांचा चेहरा असा काही लाल झाला की मुख्याध्यापिकेने घाईघाईने पदर सावरला, जणू काही आता मारच बसणार होता. "मी तुम्हाला हे शिकवलं होतं? ओळीवर बदाम की बदामावर ओळ, यावर भांडताय? ही माझी मुलं?"

त्यांनी मांडी ठोकली, सगळ्यांच्या हातातले पत्ते हिसकावून घेतले आणि पिसायला सुरुवात केली. त्यांच्या हातात पत्ते पाण्यासारखे वाहत होते.

"कशावर खेळताय?" आप्पांनी विचारलं.

दंतवैद्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने मुख्याध्यापिकेकडे. "बटणांवर," मुख्याध्यापिका शेवटी म्हणाली. ते अर्धं खरं होतं.

"ऐका आता. पुन्हा सांगणार नाही. आधी प्रत्येकाने एक बटण मध्ये टाकायचं. फुकट कुणी खेळत नाही. मग प्रत्येकाला पाच पानं. पाच! सात कोण वाटत होतं?"

दंतवैद्य छताकडे पाहू लागला.

"पाच पानं, उपडी. आपापली बघायची. चांगली असली तर बटणं लावायची. पुढच्याने तेवढी लावायची, नाहीतर जास्त लावायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. एक फेरी झाली की नको ती पानं द्यायची आणि तेवढीच नवी घ्यायची. तीनपर्यंत, आणि एकदाच! पाचच्या पाच बदलायला काय ती ओली चादर आहे? मग पुन्हा लावायचं. शेवटपर्यंत जे टिकतील त्यांनी पानं उलटायची. ज्याची मोठी, त्याची सगळी बटणं. यात न कळण्यासारखं काय आहे? बोटीवरच्या मांजराला येत होतं!"

"आणि मोठी कुठली?" धाकट्याने विचारलं.

"एक जोडी, सगळ्यात बारकी. तिच्यावर दोन जोड्या. त्यांच्यावर तीन सारखी. त्यांच्यावर ओळ. ओळीवर एका रंगाची पाच, म्हणजे दादाचे बदाम. ऐकलंस, बाई? त्यांच्यावर फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी. त्याच्यावर चारही सारखी. आणि एकाच रंगाची ओळ सगळ्यांच्या डोक्यावर, पण ती तुमच्या कपाळी नाही."

"आणि टाकलेली पानं?"

"टाकलेलं पान मेलं. ते कुणी उलटून बघायचं नाही. आमच्यात कुणी बघितलं तर त्याला आठवडाभर पत्त्यांना हात लावू देत नव्हतो. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं." आप्पांनी जमिनीवर अशी थाप मारली की बटणं उडाली. "चेहरा! चेहऱ्यावर काही दिसता कामा नये! दगडासारखं शांत बसायचं! समजलं?" हे सांगताना त्यांच्या कपाळावरची शीर टरारून फुगली होती आणि शेवटचा शब्द रस्त्यावर ऐकू गेला असावा, कारण समोरच्या गॅलरीतली बाई डोकावली.

मग आप्पांनी डब्यात हात घालून स्वतःसाठीही मूठभर बटणं घेतली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पा पाणी प्यायला उठले तेवढ्यात मुख्याध्यापिका कुजबुजली, "हे पण खेळणार? आणि हेच हरले तर?"

"तर आप्पा आप्पांकडे," धाकटा म्हणाला.

"म्हणजे सगळं जिथल्या तिथे!"

"ते कशाला हरतील? त्यांना सांगायची हिंमत आहे का कुणात, की उठा, हा डाव तुमच्यावरच चाललाय?"

ती कुणातच नव्हती. डाव सुरू झाला.

खेळ कळला, पण चेहऱ्याचं जमेना. दंतवैद्य हातात कचरा आला की हमखास तो साखरेतला आवाज काढून म्हणे, "अजून दोन लावतो हं. काही होणार नाही." आप्पा लगेच ओरडत, "थापा मारतोय हा! हातात काही नाही त्याच्या! अरे, सुई टोचण्याआधीचा आवाज आहे तो, कळत नाही तुम्हाला?" मुख्याध्यापिकेला चांगली पानं आली की ती चष्म्यावरून एकेकाकडे असं बघे, की समोरच्याला गृहपाठ विसरल्याचं आठवावं. "हिला लागलंय! टाका सगळ्यांनी!" आप्पा ओरडत, आणि सगळे टाकत, आणि तिच्या हाताला मधली चारच बटणं लागत. ती दातओठ खाई.

धाकट्याचं तर सगळ्यात सोपं होतं. शिकाऊ माणसाच्या बाजूला बसून बसून त्याच्या उजव्या पायाला ब्रेक दाबायची सवय लागली होती. वाईट पानं आली की जमिनीवर बसल्या बसल्याही त्याची टाच सतरंजी दाबत राही. चांगली आली की पाय निवांत. "ब्रेक सोड रे!" आप्पा त्याच्या पायावर चापट मारत.

"तुम्ही तुमचं बघा!"

"माझं बघायला काय आहे? माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं, सांग!"

खरंच काही दिसत नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो जोडी असो वा फुल हाउस, संतापाचाच असे. पानं उचलताना संताप, लावताना संताप. त्यात ते लावत ते ओंजळीने. दंतवैद्याने एकदा धीर करून बरोबरीची बटणं लावायला हात पुढे केला, तर आप्पा त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, "बघायचंय? लाव! लाव ना! बघ माझी पानं!" दंतवैद्याने मुकाट्याने हात मागे घेतला आणि दोन जोड्या टाकून दिल्या.

असं प्रत्येक डावात झालं. आप्पा ओंजळभर लावत, तिघं घाबरून पानं टाकत, आणि बटणं आप्पांकडे जात. त्यांच्यापुढे मोत्याची, शिंपल्याची, कोटाची, झबल्याची अशी बटणांची रास झाली. आणि गंमत अशी, की रास वाढेल तसे आप्पा जास्तच चिडत होते. एकदा तर त्यांनी जिंकलेली बटणं स्वतःकडे ओढली ती पायाने.

"जिंकताय ना तुम्ही? मग आमच्यावर का ओरडता?" धाकटा भडकला.

"तुम्ही खेळतच नाही, म्हणून ओरडतो! बायकांनी भाजी परत करावी तशी पानं परत करता! एकदा तरी कुणी लावून बघेल की नाही?"

"बायकांचं नाव घ्यायचं काम नाही," मुख्याध्यापिका म्हणाली. तिने लावून मात्र बघितलं नाही.

उन्हं कलली तेव्हा परिस्थिती अशी होती की दंतवैद्याकडे आणि मुख्याध्यापिकेकडे जेमतेम अर्धी मूठ बटणं उरली होती, आणि धाकट्याकडे त्याहून कमी. तिघांनाही आता घाम फुटला होता. दंतवैद्याने मनातल्या मनात दवाखान्याचा दरवाजा आतून बंद करायची सोय लावून टाकली. मुख्याध्यापिका आवारातली खिडकी विटांनी बुजवता येईल का याचा विचार करत होती. धाकटा काय विचार करत होता ते कळत नव्हतं. तो मघापासून भांडलाही नव्हता.

आप्पांनी वाटलं. सगळ्यांनी पानं उचलली. मुख्याध्यापिकेने सवयीने धाकट्याच्या पायाकडे पाहिलं. पाय निवांत होता. तिने आपली पानं टाकली. दंतवैद्यानेही टाकली. धाकट्याने एक पान बदललं. पाय तसाच, हलेना. त्याने बटणं पुढे सारली. शर्टाची दोन पांढरी बटणं तेवढी त्याच्यापाशी उरली.

आप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि दोन्ही हातांनी सबंध रास मध्ये लोटली. "हे सगळं!" ते ओरडले. "आहे हिंमत? लाव ती दोन! लाव आणि बघ!"

धाकट्याने हातातल्या पानांकडे एकदा पाहिलं. मग ती उपडी जमिनीवर टाकली, आणि उरलेली दोन बटणंही राशीवर फेकली. "नाही लावत. ही पण घ्या. संपलं माझं." तो उठून उभा राहिला. "चला, मीच हरलो. झालं समाधान दोघांचं?"

दंतवैद्याने असा निःश्वास सोडला की पुढ्यातलं एक पान उलटलं. पण मुख्याध्यापिका धाकट्याच्या पायाकडेच बघत होती.

"तुझा पाय हलत नव्हता," ती म्हणाली.

"मग?"

"मग पानं का टाकलीस? दाखव."

"टाकलेली पानं बघायची नसतात. नियम आहे."

"नियम?" आप्पांचा आवाज चिरकला. "नियम मला सांगतोस? मी केलाय तो नियम!" आणि त्यांनी झडप घालून धाकट्याची पानं उलटली.

तीन राण्या. दोन नव्व्या.

मग आप्पांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इंजिनखोलीतलं असावं, कारण त्यातले बरेच शब्द मुलांनाही नवीन होते. "फुल हाउस!" ते शेवटी माणसांच्या भाषेत ओरडले. "फुल हाउस टाकलंस? अरे गाढवा, माझ्याकडे काय होतं बघ!" त्यांनी आपली पानं भिरकावली. दुर्री, पंजी, सत्ती, दश्शी, गुलाम. धड एक जोडीही नव्हती. "कचरा आहे माझ्याकडे! दुपारपासून कचऱ्यावर रास लावतोय मी! हरायचा जीव तोडून प्रयत्न करतोय, आणि एक जण माझी पानं बघायला तयार नाही! हरू देत नाहीत, मेले, हरू देत नाहीत!"

"हरायचा?" दंतवैद्याने आ वासला. "तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"जिन्यात बसलो होतो मी! न्हाव्याकडे कुत्रंसुद्धा नव्हतं. पायरीवर बसून सगळं ऐकलं. आणि पाणी प्यायला उठलो तेव्हाची ती कुजबूजसुद्धा! तुमची कुजबूज म्हणजे गिरणीचा भोंगा! हरेल त्याचे आप्पा, नाही का? म्हटलं, ठीक आहे. आप्पा हरला तर आप्पा आप्पाकडे. माझ्या घरात मी, आणि तुम्ही सगळे सुटलात!"

मुख्याध्यापिकेने चष्मा काढला आणि पुसू लागली. तो स्वच्छच होता. "मग नुसती पानं टाकत बसायचं होतं, आप्पा. केव्हाच हरला असता."

"पानं टाकून हरू? मी?" आप्पा तिच्यावर खेकसले. "मी खेळून हरणार होतो! टाकायची अवदसा या गाढवाला आठवली." ते धाकट्याकडे वळले. "का टाकलंस? बोल! दिसत नव्हतं? कळलं नव्हतं? आत्ताच शिकवलं होतं ना, जोड्यांवर तीन, तिनांवर ओळ..."

"कळलं होतं!" धाकटाही आता ओरडू लागला. "चांगलं कळलं होतं! दादाकडे गेला असता तर त्याने गोड बोलून बोलून तुम्हाला महिनाभरात मुकं केलं असतं! ताईकडे गेला असता तर तिने घंटेवर जेवायला घातलं असतं आणि घंटेवर झोपवलं असतं! एक दिवस मी यायचो आणि तुम्ही कोपऱ्यात गप्प बसलेले दिसायचा. मला नाही बघायचं ते! मला गप्प आप्पा नकोत! मला हे असले हवेत!" त्याने आप्पांच्या लालबुंद चेहऱ्याकडे बोट केलं.

"मग तसं सरळ म्हणायचं!"

"सरळ म्हटलं असतं, या माझ्याकडे, तर आला असता?"

"नसतो आलो!"

"मग!"

"मग काय मग? आत्ताही येणार नाही!" आप्पांनी पत्ते गोळा करायला सुरुवात केली. त्यांचे हात नेहमीसारखे चालत नव्हते. पत्ते खाली पडत होते आणि ते पुन्हा उचलत होते. "मी कुठेही जाणार नाही. हा इथे येईल."

"मी?"

"तू! हातातलं फुल हाउस टाकून देणारा माणूस हा. आणि लोकांना मोटारी शिकवतो!" ते थोरल्या दोघांकडे वळले. "आणि याला तुम्ही दोन खोल्यांत एकटा राहू देता? काही लाज? भावंडं आहात की कोण आहात?"

"मी येणार नाही! तुमच्या त्या मधल्या खोलीत वारा येत नाही!"

"खिडकी उघडली की येतो!"

"ती खिडकी उघडतच नाही! तुम्हीच खिळा मारलाय!"

"मारलाय तर काढेन! खिळा काढायला काय बोटीवरून माणूस बोलावू?"

"आधी काढा, मग बोला!"

"उद्या सामान घेऊन ये, मग काढतो!"

"आज काढा!"

दंतवैद्याने हळूच बहिणीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. दोघांनी दार लोटून घेतलं. आत आता खिळा कोणत्या हत्याराने काढायचा यावर जुंपली होती, आणि मधूनच आप्पा ओरडत होते, "पिस! आधी पिस! आणि या वेळी टाकलंस ना, तर बघ!"

"सुटलो बाई एकदाचे," दंतवैद्य जिना उतरता उतरता म्हणाला. तो मऊ आवाजात बोलत नव्हता, खरंच खूश होता. "घरमालकाचं काम झालं, आप्पांचं झालं, धाकट्याचंही झालं. आपल्याला काहीच करावं लागलं नाही."

मुख्याध्यापिका पायरीवर थांबली. वरून पत्ते आपटल्याचा आवाज आला, मग धाकट्याचं काहीतरी उलट उत्तर, आणि मग आप्पा मोठ्याने हसले. ते हसणं जिनाभर घुमत खाली आलं.

"दादा," ती म्हणाली, "दुपारभर बसले होते मी तिथे. आप्पांना आपणच न्यावं, असं मला एकदाही सुचलं नाही रे. एकदाही नाही!" शेवटचं वाक्य ती ओरडलीच. खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. तिने पर्स दंतवैद्याच्या हातात कोंबली आणि ताडताड पायऱ्या चढायला लागली.

"अगं, आता कुठे निघालीस?"

"हरायला!" ती वरून ओरडली आणि दार बडवायला लागली.